सोबत आलेली बाई

त्या दिवशीही बाबांनी यंत्राच्या खाचेत हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं आणि फर्मावलं, "हं, सोडा तुमचा ठिपका."

अंधाऱ्या खोलीतल्या पडद्यावर हिरवा ठिपका संथपणे सरकू लागला. डोकं न हलवता नुसत्या नजरेनं त्याच्या मागं जायचं, एवढंच काम. पण स्किझोफ्रेनिया असलेल्या बऱ्याच जणांची नजर मागं रेंगाळते आणि मग उडी मारून ठिपक्याला गाठते. बाबांचंही तसंच होतं. शेजारच्या पडद्यावर त्यांच्या नजरेची रेघ उमटे, ती पायऱ्यापायऱ्यांची.

"जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या," बाबा म्हणाले. "पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचो. हात शहाणा निघाला, डोळे उनाड."

"काका, बोलू नका, हनुवटी हलते," यंत्रावरची पोरगी हसू दाबत म्हणाली.

त्यांची लेक मागच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर पुस्तक होतं, पण अंधारात ते नुसतं धरायला.

पहिल्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं होतं. डोळ्याच्या आतला पडदा म्हणजे मेंदूचाच एक भाग, कवटी न उघडता दिसणारा. डोळ्यांवरून या आजाराचा माग लागतो का, ते त्या पाहत होत्या. रक्ताच्या नात्यातल्यांचेही डोळे त्यांना हवे होते. आजार नसला तरी त्यांच्या नजरेतही कधीकधी तशी उडी सापडते. मग त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही यांच्या कोण?"

आपलीही रेघ पायऱ्यांची निघाली तर, असं तिच्या मनात आलं.

"सोबत आलेय," ती म्हणाली होती.

बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि गंभीर चेहऱ्यानं पुस्ती जोडली, "शेजारीण आहे. स्वभावानं बरी आहे, चहा तेवढा पाणचट करते."

तेव्हापासून तिथं ती शेजारीणबाई झाली. घरी त्यांनी तो विषय काढला नाही, तिनंही नाही. भिंतीपलीकडचे लोक काय बोलतात ते बाबांना ऐकू येई. समोरचं माणूस काय बोलत नाही, तेही.

तपासणी संपली. बाहुल्या मोठ्या करणाऱ्या थेंबांमुळे बाबांना उजेड सोसेना. तिथला काळा चष्मा लावून, तिचा दंड धरून ते घरी निघाले. "पायरी," ती म्हणे. "खड्डा."

"सिनेमातला नट वाटतो का गं मी?"

"खलनायक."

"चालेल. त्यालाच जास्त संवाद असतात."

दारात पोचल्यावर ते म्हणाले, "शेजारीणबाई, आज जरा कडक करा."

तिनं कडक केला. त्यांनी नावं न ठेवता घेतला.

सकाळी ती पुन्हा कप घेऊन गेली, तेव्हा बाबा कुशीवर होते आणि अंग गार पडलं होतं. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. चष्मा उशाशी होता.

सगळं आटोपल्यावर ती तो परत करायला गेली.

"शेजारीणबाई! काका नाही आले?" पोरगीनं विचारलं.

"गेले."

पोरगी चष्मा हातात घेऊन तो उगाच पुसत राहिली. मग म्हणाली, "त्यांच्या मुलीला कळलं का? आम्ही कितीदा म्हटलं, तिला एकदा आणा. तर म्हणायचे, ती फार वाचते, तिच्या डोळ्यांच्या वाटेला जायचं नाही."

यंत्रापुढचं स्टूल बाबांच्या उंचीचं होतं; लेकीनं ते खाली केलं आणि ती बसली. खाचेत हनुवटी टेकवली. खाच गार होती.

"अहो, शेजाऱ्यांचे डोळे नाही लागत आम्हाला," पोरगी हळूच म्हणाली.

"मी शेजारीण नाही," ती म्हणाली. बोलताना हनुवटी हलली. "मी त्यांची मुलगी आहे."