सहावी ओळ

चष्मेवाल्याने आयुष्यात कधी सुट्टी घेतली नव्हती, त्यामुळे ती कशी घ्यायची हेही त्याला ठाऊक नव्हतं. शनिवारी सकाळी बसमध्ये बसला तेव्हा त्याच्या खिशात दुकानाच्या किल्ल्या होत्या, बारीक स्क्रू पिळायचा पेचकस होता आणि काच पुसायचं मऊ फडकं होतं. न जाणो, डोंगरात कुणाच्या चष्म्याची दांडी निखळली तर?

"तिथे दगडांना चष्मे लावणार आहात का?" बायको म्हणाली.

तो हसला. बायको थट्टा करते आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं त्याचं जुनं गणित होतं.

बेत त्याचाच. टॅक्सी केली असती तर दुपारच्या आत वर पोचता आलं असतं. पण त्याने मुद्दाम गावागावांत थांबत, धापा टाकत चढणारी बस निवडली. घाई नको, सावकाश जाऊ. पहिल्या गावात जेवण, दुसऱ्यात फेरफटका, तिसऱ्यात, जिथे रस्ताच संपतो तिथे, मुक्काम. आणि रविवारी सकाळी गावाबाहेरच्या कड्यावरून समोरची बर्फाची तीन शिखरं. ती शिखरं तिला बघायची होती. लग्न होऊन ती दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायला आली तेव्हा भिंतीवर त्यांचं चित्र असलेलं कॅलेंडर होतं. वर्ष संपलं तरी तिने ते उतरवू दिलं नाही. "जाऊ पुढच्या वर्षी," असं तो दरवर्षी म्हणायचा, आणि मनापासून म्हणायचा, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

आता पुढच्या वर्षाची सोय उरली नव्हती. मागच्या हिवाळ्यात मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी बायकोचे डोळे तपासून सांगितलं होतं, "डोळ्यामागची नस सुकत चालली आहे. गेलेली नजर परत येणार नाही. पण ऑपरेशन केलं तर आहे ती टिकेल. उशीर करू नका."

डॉक्टरबाई त्यांच्या मुलीच्या वयाची. चष्मेवाल्याने तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, आभार मानले आणि बाहेर येऊन नाक मुरडलं. अख्ख्या गल्लीचे डोळे त्याने तपासले होते. पोरांचे, पोरांच्या आईबापांचे. खुर्चीत बसवायचं, जड चौकट नाकावर चढवायची, समोरच्या भिंतीवरच्या पेटीत दिवा लावायचा, अक्षरांचा तक्ता उजळला की भिंगं बदलत विचारायचं, "हे बरं, की आधीचं बरं?" आणि याला आपल्याच बायकोची नजर कळू नये?

तेव्हापासून दर रविवारी दुकान बंद केलं की तो तिला त्या खुर्चीत बसवायचा. ती वरून खाली वाचत जायची. पहिलं मोठं अक्षर, मग दोन, मग तीन, करत करत सहाव्या ओळीपर्यंत. दर रविवारी, न चुकता, सहाव्या ओळीपर्यंत. त्याची छाती फुगायची. "सहावी ओळ वाचतेय तोवर डोळ्याला सुरी लावू द्यायची नाही," असं त्याने जाहीर करून टाकलं. ती सुरीला आधीच घाबरायची, तिने लगेच होकाराची मान हलवली. लांबच्या शहरातून मुलगी फोनवर कानीकपाळी ओरडायची, "बाबा, ऑपरेशन करून घ्या." तो म्हणायचा, "तुझ्या आईची नजर तुझ्याहून चांगली आहे."

एका रविवारी तर गंमतच झाली. ती वाचून उठली आणि त्याच्या ध्यानात आलं, की आपण पेटीतला दिवाच लावला नव्हता. संध्याकाळ झालेली, दुकानात अंधारून आलेलं, आणि बाईने सहावी ओळ घडाघडा वाचली! तो हसून लोटपोट झाला. पुढचे किती दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "आमच्या घरी दिव्याची गरज नाही हो. अंधारात वाचतात!" गिऱ्हाईकंही हसायची. तीही मागच्या दारात उभी राहून हसायची.

तरी हे सहलीचं त्याने ठरवलंच. कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. मनात कुठेतरी डॉक्टरबाई बसली होती, एवढंच.

पहिल्या गावात एकच रस्ता होता. दोन्ही बाजूंना उतरत्या छपरांची घरं, एक न्हावी, एक बंद पडलेलं सिनेमागृह, आणि एक खानावळ. बसमधून उतरल्याबरोबर बायकोने त्याचा दंड धरला. चष्मेवाला चमकलाच. बाईचा स्वभाव असा, की लग्न झाल्या झाल्यासुद्धा रस्त्याने दोन हात अंतर ठेवून चालायची. लोक काय म्हणतील म्हणायची.

"काय गं, या वयात?" त्याने हळूच विचारलं.

"थंडी वाजतेय," ती म्हणाली, आणि दंड सोडला नाही.

खानावळीत गरम सूप आलं. तिने ते बराच वेळ तसंच ठेवलं, टेबलावर बोटं फिरवत चमचा शोधला, ब्रेडचा तुकडा वाडग्याच्या काठाला टेकवून मग बुडवला. किती निवांत जेवते आहे, त्याला वाटलं. घरी हीच बाई उभ्याउभ्या दोन घास कोंबून भांड्यांकडे पळायची. सुट्टी मानवली म्हणायची.

दुसऱ्या गावात लाकडाची वखार होती, सगळ्या गावाला ओल्या भुशाचा वास. वखारीपलीकडे लोकरीच्या कपड्यांचं एक दुकान. आता इथे संध्याकाळ होणार, हे धरून त्याने बाकावर बैठक मारली. कारण बायको दुकानात शिरली की दुकानदाराला घाम फोडल्याशिवाय बाहेर पडत नसे. हा रंग उठावदार नाही, तो धुतल्यावर उतरेल, वरच्या फळीवरचं दाखवा. आज ती दुकानदारिणीला म्हणाली, "तुम्हाला कुठला आवडतो यातला? तोच द्या." आणि तो गळपट्टा गुंडाळून मोकळी झाली. डोंगरातली हवा माणसाला किती बदलते, याचं त्याला नवल वाटलं. पुन्हा तिने दंड धरला. तो वखारीच्या रस्त्याने उगाचच एक फेरी जास्त चालला. लोकांनी बघावं असं त्याला वाटत होतं. इतका सुखी तो बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

दिवेलागणीला तिसरं गाव आलं. लॉज म्हणजे एक लाकडी घर, वर चार खोल्या, खाली शेगडीभोवती चार खुर्च्या. लॉजवाली बाई बोलकी होती. पाहुणे कमी येतात, त्यामुळे आलेल्यांना ती सोडत नसे. चहाचे पेले हातात देऊन तिने शिखरांचं वर्णन सुरू केलं. ते ती सगळ्यांनाच ऐकवत असणार, कारण कुठे अडखळत नव्हती.

"डावीकडचं ते थोरलं. ताठ, नाक वर करून उभं. उजवीकडचं धाकटं, रुसून जरा मागे सरकलेलं. आणि मधलं बिचारं वाकलंय. दोघांची भांडणं सोडवून सोडवून कमरेतून गेलंय."

चष्मेवाला खो खो हसला. बायको हसली नाही. ती खुर्चीत पुढे सरकून ऐकत होती.

"पुन्हा एकदा सांगता?" ती म्हणाली. "उजवीकडचं कसं म्हणालात?"

लॉजवालीने आनंदाने पुन्हा सगळं सांगितलं. बायकोचे ओठ किंचित हलत होते. चष्मेवाल्याने ते पाहिलं. पण लोकांच्या डोळ्यांची पारख करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने त्याकडे साफ कानाडोळा केला.

सकाळी दोघं निघाली. वाट सोपी होती, एका बाजूला दगडी कठडा. बायकोचा एक हात त्याच्या दंडावर, दुसरा कठड्यावर. हवा दमट होती आणि जसजसं वर जावं तसतसं पांढरं दाटत चाललं. कड्यावर पोचेपर्यंत धुक्याने सगळं गिळून टाकलं होतं. बाक होता, बाकापुढे कठडा, आणि कठड्यापुढे काहीही नाही. हात लांब केला तर आपलीच बोटं पुसट दिसावीत असं धुकं.

त्याला रडू यायचंच बाकी राहिलं. इतकी वर्षं थांबून आणलं, आणि हे! काय बोलावं याची तो जुळवाजुळव करत होता, तेवढ्यात बायको बाकाशी थांबली, तोंड समोर केलं, आणि म्हणाली,

"अगंबाई! किती सुंदर हो!"

तो तिच्याकडे बघत राहिला.

"ते डावीकडचं बघा, कसं ताठ उभंय. आणि उजवीकडचं खरंच रुसल्यासारखं दिसतं. मागे सरकलंय." तिने अंदाजाने हात उचलून धुक्यात बोट दाखवलं. "मधलं मात्र बिचारं वाकलंय."

चष्मेवाल्याने कठडा धरला. एकेक गोष्ट त्याच्यासमोर येऊन उभी राहू लागली. चमचा शोधणारी बोटं. न निवडता घेतलेला गळपट्टा. दंडावरचा हात, तो दिवसभर मिरवलेला, लोकांना दाखवलेला हात. आणि अंधारलेलं दुकान, न लावलेला दिवा, घडाघडा वाचलेली सहावी ओळ. तो तक्ता रोज सकाळी ओल्या फडक्याने कोण पुसत होतं? लग्न झाल्यापासून पुसत होतं?

"अगं," तो म्हणाला. "समोर धुकं आहे."

तिचा बोट दाखवणारा हात हळूहळू खाली आला.

"सगळीकडे?" तिने विचारलं.

"सगळीकडे."

ती चाचपत बाकावर बसली. तोही बसला.

"तक्ता पाठ आहे ना तुला?"

"रोज पुसते की. पाठ करायला बसले नव्हते. झाला."

"कधीपासून दिसत नाही?"

"खालच्या ओळी आधी गेल्या. मग वरच्या. मोठं अक्षर उन्हाळ्यापर्यंत होतं." ती हे शांतपणे सांगत होती. "आता उजेड कळतो. माणूस समोरून गेला तर सावली कळते."

"मग बोलली का नाहीस? त्या दिव्याच्या दिवशी तरी बोलायचंस!" तो ओरडलाच. राग तिचा नव्हता, पण समोर तीच होती.

"तुम्ही हसलात तेव्हाच मला कळलं दिवा लावलेला नव्हता ते. सांगणारच होते. पण तुम्ही इतके खूश झालात, दुसऱ्या दिवशी गल्लीभर सांगत सुटलात. मग कुठल्या तोंडाने सांगू?" ती थांबली. "आणि खरं सांगू? ऑपरेशनची भीती होतीच. त्यात तुम्ही म्हणत होतात नजर चांगली आहे. तुम्ही म्हणताय म्हणजे असेल, असंही वाटायचं कधी कधी."

त्याने विचारायचं, तिने त्याला हवं ते सांगायचं, आणि दोघांनी मिळून समाधानाने झोपायला जायचं. असे सगळे रविवार त्यांनी घालवले होते. नस तिकडे सुकत होती. डॉक्टरबाईने सांगितलं होतं, उशीर करू नका.

"उद्याच दवाखान्यात जाऊ," तो म्हणाला.

"आहे ते टिकेल म्हणाल्या होत्या ना त्या?"

"हो."

"मग आता काय टिकवायचं?"

तिने हे कडवटपणे विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. त्याने तिचा हात हातात घेतला, थंडगार होता. खिशातून काच पुसायचं फडकं काढून त्याने स्वतःचा चष्मा पुसला, पुन्हा पुसला. बायको शेजारी बसून होती, तोंड समोरच.

मग वारा सुटला. धुकं आधी विरळ झालं, मग फाटलं, आणि बघता बघता खालच्या दरीत ओसरून गेलं. समोर तिन्ही शिखरं उघडी पडली. इतकी जवळ, इतकी पांढरी. कॅलेंडरातलं चित्र अगदीच भिकार होतं. असं काही जगात आहे आणि आपण रोज भिंगं घासत बसलो!

सांगून काय करायचं? परत फिरावं, खाली उतरावं, बस पकडावी.

"धुकं वाढतंय," तो म्हणाला. "जाऊ या आपण. आज कुणालाच काही दिसायचं नाही."

बायको हलली नाही. तिने चेहरा जरासा वर केला.

"ऊन लागतंय की तोंडाला," ती म्हणाली.

तो मेल्याहून मेल्यासारखा झाला. खोटं बोलणंही त्याला धड जमलं नव्हतं. तिला किती सहज जमायचं!

"उघडलंय ना सगळं?"

"हो."

"मग सांगा की मला. कसं दिसतंय?"

चष्मेवाल्याने समोर बघितलं. आयुष्यभर तो लोकांना विचारत आला होता, काय दिसतंय, बरं दिसतंय का. स्वतःला काय दिसतंय ते सांगायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

"डावीकडचं," तो म्हणाला, "ताठ आहे. नाक वर करून उभं. उजवीकडचं जरा रुसून..."

"ते पाठ आहे मला," ती म्हणाली. "दुसरं सांगा काहीतरी."

त्याने पुन्हा बघितलं. डोळे भरून आले होते, चष्म्याच्या आत सगळं पांढरं पांढरं झालं होतं. ती वाट बघत बसली होती, मान किंचित त्याच्याकडे वळवून, खुर्चीत बसून त्याच्या पुढच्या भिंगाची वाट बघायची तशी. "मलाही आत्ता सगळं पांढरंच दिसतंय," तो म्हणाला.