कोशातलं कढण

"ह्याच्यात पीठ घातलंय तुमी!" पहिल्याच घोटाला कस्तुराबाईंनी वाटी खाली ठेवली.

बन्सीधर चपापले. पाथरीच्या वाचनालयात एकतीस वर्षं शिपाई म्हणून काढलेल्या या माणसानं घरात कधी चहासुद्धा केला नव्हता. पण टायफॉइडनं बायकोची अन्नावरची वासनाच उडाली होती. चार दिवस पाण्याशिवाय पोटात काही नाही. आज संध्याकाळपर्यंत काही गेलं नाही, तर परभणीला नेऊन भरती करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सकाळी ती एवढंच म्हणाली होती, "मुगाचं कढण असतं तर घेतलं असतं."

ते कसं करतात, हे शेजारीपाजारी विचारायचं सोडून गृहस्थ तडक वाचनालयात गेले. ज्या शब्दकोशावरची धूळ जन्मभर झटकली, तो उघडून बसले. 'कढण : कडधान्याचे दाट पेय.' दाट म्हटल्यावर त्यांनी घरी येऊन मुगाच्या पाण्यात मूठभर बेसन कालवलं.

"कोशात दाट लिवलंय," ते पुटपुटले.

"मंग कोशालाच पाजा!"

एरवी बन्सीधर चिडले असते. पण चार दिवसांनी तिच्या तोंडून टोमणा आला, याचंच त्यांना बरं वाटलं.

"आनखी काय लिवलंय त्याच्यात?"

त्यांनी खिशातली चिठ्ठी काढली. "मूळ शब्द 'क्वथ्'. म्हंजे उकळणं."

"आता कसं बोललं तुमचं बुक! आधी तेच वाचायचं व्हतं. मूग भाजून घ्या, पाणी लय घाला अन् कढू द्या. आटलं की घोटा. पीठ कशाला लागतंय? आमची माय म्हणायची, कढल्याबिगर कढण न्हाई. मीठ शेवटाला घाला."

भर दुपारी दोन तास बन्सीधर गॅसपाशी उभे राहिले. बनियन घामानं अंगाला चिकटलं. त्यांना कावीळ झाली होती तेव्हा कस्तुराबाईंनी पंधरा दिवस हेच रांधलं होतं, तेही चुलीवर, धुरात. आपण वाटी रिकामी करून सरकवत होतो. 'तू जेवलीस का' असं एकदाही विचारलं नाही, हे आठवून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

या वेळी कस्तुराबाईंनी पहिला घोट घेतला. जरा थांबल्या, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग हळूहळू सगळी वाटी संपवली.

"जमलं का?"

"जमलं की. ऱ्हायलेलं तुमी घ्या. सकाळपास्नं तुमच्याबी पोटात काई न्हाई."

एवढं बोलून त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. लगेच त्यांचा डोळा लागला.

बन्सीधर स्वयंपाकघरात आले. उरलेलं कढण वाटीत ओतून त्यांनी तोंडाला लावलं.

मीठ घालायचं राहूनच गेलं होतं.

हातात वाटी घेऊन ते तसेच उभे राहिले. मिठाचा डबा समोरच होता. तो न उघडता त्यांनी सगळं कढण पिऊन टाकलं.