खिव्याच्या माळवदावर

बोरीच्या अर्पिताला उझबेकिस्तानला जायची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा गावाला कौतुक वाटलं, पण तिचा विषय काही कोणाला पचेना. वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाची ही पोरगी खिवा नावाच्या जुन्या शहरातली मातीची घरं एकटीनं हिंडून अभ्यासणार होती.

"माळवदंच पाहायचीत ना?" तिचे वडील किशनराव म्हणाले. "मग इमानात कशाला बसायलीस? आपल्या गोठ्यावर चढ की!"

आणि हसत हसत तेच तिला परभणीच्या स्टेशनावर सोडायला आले.

खिव्यातले निळे मिनार आणि महाल सगळ्यांना खुले होते. अर्पिताला मात्र नांदत्या घरावरचं मातीचं छत, म्हणजे माळवदच, पाहायचं होतं, आणि परक्या पोरीला घरावर कोण चढू देणार? गल्ल्या तुडवून पाय भरून आले. दार उघडायचं, बाई गोड हसायची, दार लागायचं.

एका सकाळी डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई छत लिंपताना दिसली. अर्पितानं खालून खुणा केल्या. बाईनं नकाराची मान हलवली. तेवढ्यात किशनरावांचा व्हिडिओ कॉल आला.

"अर्पे, हे बग! मिरगाच्या आत माळवद लिंपून घ्यायलोय. लय माखलो बग!"

त्यांचा आवाज गल्लीभर घुमला. वरची बाई काम थांबवून वाकून बघायला लागली. अर्पिताला काय वाटलं कोण जाणे, तिनं फोन तसाच वर धरला.

"आबा, समोर बघा. ह्याबी तेच करायल्यात."

"रामराम बाई!" किशनरावांनी मूठभर भुसकट उचलून दाखवलं. "हे टाकलं का न्हाई?"

बाईला शब्द कळला नाही, मूठ कळली. तिनंही चिखलातलं भुसकट उपसून दाखवलं आणि मोठ्यानं हसली. मग भराभरा खाली येऊन दार सताड उघडलं. "मेहमान!" ती म्हणाली. ह्या शब्दाला काही दुभाषा लागत नव्हता.

बाईचं नाव झुल्फिया. दुपारपर्यंत अर्पितानं सलवार खोचून तिच्यासोबत चिखल तुडवला, छताची लाकडं मोजली, मातीचे थर कागदावर उतरवले. जेवायला बसल्यावर तिनं सांगून पाहिलं, "गोश्त नको. सब्जी." झुल्फियानं मान डोलावली आणि ताटभर गाजरं आणून ठेवली. तिकडं सब्जी म्हणजे गाजर! दोघींचा घोटाळा ध्यानात आल्यावर झुल्फियाला हसता हसता ठसका लागला. मग नान, दही आणि तीच गाजरं खाऊन अर्पिताचं पोट भरलं.

दुसऱ्या दिवशी झुल्फियाच तिला हाताला धरून शेजारच्या घरी घेऊन गेली. तिथली बाई आधी अर्पिताकडं, मग तिच्या मातकट पायांकडं पाहत राहिली. झुल्फिया काहीतरी बोलली, आणि त्या बाईनं शिडी आणून भिंतीला लावली.