दुसरी बेल

भोपळ्यांच्या आजीच्या दाराला बेल नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मालिकेच्या पहिल्याच वर्षी मोठ्या भोपळ्याने ती बेल दुरुस्त करायला घेतली आणि अख्ख्या गल्लीची वीज घालवली. तेव्हापासून त्या दारावर सगळे थाप मारतात. थाप मारली की चौकटीवरचा प्लास्टरचा तुकडा खाली पडतो. दर वेळी पडतो. हा विनोद इतका जुना आहे की तुकडा पडला नाही तर आम्हाला काहीतरी चुकल्यासारखं होतं.

आम्हाला म्हणजे 'भोपळ्यांचं घर' ही कार्टून मालिका सुरुवातीपासून बघणाऱ्यांना. ती सुरू झाली तेव्हा मी शाळेत होतो. आता माझे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, आणि भोपळ्यांचा धाकटा अजून चौथीतच आहे. आई-बाप, दोन पोरं, खालच्या मजल्यावर आजी, आणि सगळ्यांची डोकी भोपळ्यासारखी गोल. एवढा बाप्या माणूस कार्टून बघतो म्हणून लोक मला हसतात. हसोत बापडे. ते स्वतः घरी काय बघतात ते मला ठाऊक आहे.

माझी धाकटी बहीण या मालिकेची लेखिका आहे. एकटी नाही. एका खोलीत दहा-बारा जण बसून लिहितात, पण भागाच्या शेवटी जी नावं झर्रकन वर सरकतात त्यात तिचंही असतं. आम्ही दोघांनी एकाच पांघरुणात पाय घालून ही मालिका पाहिली. मी बघायचो म्हणून ती बघायची. पुढे ती दूरच्या शहरात गेली, तिथे तिला हे काम लागलं आणि मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायला बसलो. तक्रार नाही. पण आजही तिथे कुणाला काही आठवेनासं झालं की माझा फोन वाजतो. "दादा, भोपळ्याचा साडू कधी आला होता रे? त्याला मिशी होती का?" मी सांगतो. साडूला मिशी होती, पुढच्या भागात नव्हती, आणि त्याबद्दल कुणीही कधी माफी मागितलेली नाही.

आई माझ्याजवळ असते. गेली काही वर्षं तिच्या डोक्यातल्या वस्तू जागच्या जागी राहत नाहीत. दिवसा शेजारच्या काकू तिच्याजवळ बसतात, मी यायच्या थोडं आधी त्या आपल्या घरी जातात. मग मी बेल वाजवतो आणि आई दार उघडते. दार तिनेच उघडायचं, हा तिचा हट्ट आहे.

एके दिवशी तिने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कोण हवंय आपल्याला?"

आपल्याला! ज्या बाईने मला कान धरून वाढवलं, तिने मला 'आपण' म्हणावं? काय करावं सुचेना, म्हणून मी म्हटलं, "माफ करा, चुकलो," आणि उंबऱ्यातलं पाऊल मागे घेऊन बाहेर आलो. तिने दार लावून घेतलं. जिन्यात उभा राहिलो. जाणार तरी कुठे, घर तर हेच. पुन्हा बेल वाजवली. आईने दार उघडलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "अरे, किती उशीर! हात-पाय धू आधी."

तेव्हापासून आमच्या घरचा हा रिवाज झाला. पहिल्या बेलला 'आपण' निघालं की मी चुकलो म्हणतो आणि बाहेर जातो. दुसऱ्या बेलला 'अरे' येतं. का येतं ते डॉक्टरला सांगता आलं नाही, आणि मी फार खोदून विचारलंही नाही. मला वाटायचं, पहिली बेल वाजते तेव्हा ती कुठेतरी लांब असते, आणि दुसरी वाजेपर्यंत घरी पोहोचते. दिवसभर भिंगांची धूळ खाऊन आलेल्या माणसाला त्या एका 'अरे'साठी चार पावलं मागे जायला काय हरकत आहे? त्या 'अरे'वर माझा दुसरा दिवस निघायचा.

हे मी बहिणीला फोनवर सांगितलं. तीच विचारते ना, "आज आई काय म्हणाली?" मी सांगत असताना ती मध्येच म्हणाली, "थांब, थांब. परत सांग. तू बाहेर जातोस आणि पुन्हा येतोस?" मी परत सांगितलं. अगदी रंगवून सांगितलं. मला बरं वाटलं होतं. म्हटलं, लांब असली तरी पोरीचा जीव आईत आहे.

अलीकडे मालिकेचं पार पाणी झालं होतं. तेच तेच विनोद, साडू कुठे तर गायब. मी बहिणीला तोंडावर म्हणायचो, "तुम्ही लोक घरं बघितल्यासारखं लिहीत नाही आता." ती म्हणायची, "दादा, थांब. एक मस्त भाग येतोय." तो भाग आला. आई आणि मी, संध्याकाळी, मधल्या खोलीत, आईच्या मांडीवर तिची उशी.

आणि मी हसलो. हे सांगायला लाज वाटते, पण हसू आधी आलं. मोठा भोपळा आजीकडे जातो, आजी त्याला ओळखत नाही. तो बाहेर जातो आणि टोपी घालून पुन्हा येतो. तिला वाटतं, पोस्टमन. तो दुसरी टोपी घालतो, तर प्लंबर. मग स्वयंपाक्याची उंच टोपी, मग पोहण्याची. दर वेळी तो हात पसरून म्हणतो, "आई, मी आहे!" आणि दर वेळी आजी म्हणते, "असं सगळेच म्हणतात." शेवटी ती त्याच्या हातात कचऱ्याची पिशवी देते आणि दार लावते. भोपळा ती पिशवी घेऊन पायरीवर बसतो. खरं सांगू? गेल्या कित्येक वर्षांत इतका चांगला भाग झाला नव्हता.

पण मध्येच माझं हसू अडकलं. भोपळा थाप मारत नव्हता. तो बेल वाजवत होता. आजीच्या दाराला बेल कुठून आली? शहाण्यांनो, ती जळली होती! मी सावरून बसलो. आणि मग त्या बेलचा आवाज नीट कानात गेला. पहिला सूर स्वच्छ, दुसरा घसा बसल्यासारखा. आमच्या बेलचा दुसरा सूर असाच बसलेला आहे. फोनवर बोलताना ती मागे वाजली की बहीण म्हणायची, "अजून सर्दीच आहे का रे तिला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते आमचं दार होतं. तो टोप्या घालून नाचणारा गोल डोक्याचा गडी म्हणजे मी. आणि ती आजी...

मी आईकडे पाहिलं. ती खोकला लागेपर्यंत हसत होती, पदराने डोळे पुसत होती. मला वाटलं, आता हिच्या लक्षात येईल, आता हिचा चेहरा उतरेल. ती म्हणाली, "बिचारी गं बाई! तिला पोटचं कुणी नाही का?"

"आहे ना," मी म्हटलं. "तोच."

"तो? तो तर टोप्या विकतो."

नावं वर सरकली. बहिणीचं नाव आईने बरोबर वाचलं आणि टाळी वाजवली.

फोन लगेच आला. "कसा वाटला? खरं सांग हं!"

"आजीच्या दाराला बेल नाही," मी म्हटलं.

ती हसली. "तुला तेवढंच दिसलं? अरे, खोलीत यावरून केवढं भांडण झालं. मी म्हटलं, माझा दादा पकडणारच."

"बाकीचंही दिसलं. आमची बेल वाजवलीस ती."

ती म्हणाली, "दादा, ती टिंगल नाहीये रे. लोकांना रडू आलं. किती जणांनी मला कळवलं, आमच्या घरी असंच आहे म्हणून."

"त्यांच्या घरी असेल. माझ्याकडून ऐकलंस ते माझ्या घरचं होतं."

"तुझ्या घरचं?" आता तिचाही आवाज चढला. "माझी कुणी नाही का ती? आणि आई हसली ना?"

"हसली."

"मग?"

या 'मग'चा मला जास्तच राग आला. मी म्हटलं, "मग एकदा ये आणि तू वाजव बेल."

ती हळूच म्हणाली, "मी आले, आणि तिने मला एकाही बेलला ओळखलं नाही तर?"

"म्हणून विनोद केलास होय?"

"दुसरं काय येतं मला?"

मी फोन ठेवला. तिची दया यायला हवी होती. आली नाही. मी राबायचं, मी बाहेर जायचं, मी आत यायचं, आणि टाळ्या बाईसाहेबांनी घ्यायच्या. वर भीतीही तिलाच वाटायची.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी एका जाड भिंगाची कड घासत होतो. फ्रेममध्ये बसवायच्या भिंगाची कड फार जपून घ्यावी लागते, जरा जास्त दाबलं की टवका उडतो. तेवढ्यात मालक आले आणि आल्या आल्या एका गिऱ्हाईक बाईंना विचारते झाले, "काल भोपळे बघितलेत का?" बाईंनी बघितले नव्हते. मग काय! मालकांनी भिंतीवरची छत्री घेतली, दुकानाचं काचेचं दार उघडून बाहेर गेले, दाराला अडकवलेली घंटी वाजवत आत आले आणि हात पसरून म्हणाले, "आई, मी आहे!" पुन्हा बाहेर, पुन्हा आत. या वेळी डोक्यावर चष्म्याची डबी. बाईंनी हसून हसून काउंटर धरला.

माझ्या हातातल्या भिंगाचा टवका उडाला.

"लक्ष कुठंय?" मालक म्हणाले. "तुम्ही तर पहिल्यापासूनचे भोपळेवाले ना? मग हसा की!"

मी हसलो. नोकरी करायची आहे. नवीन भिंग घेतलं आणि पुन्हा कड धरली, पण दुकानाची घंटी वाजली की हात थांबायचा.

संध्याकाळी घरी आलो. काकू निघून गेल्या होत्या. मी बेल वाजवली. आईने दार उघडलं, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "कोण हवंय आपल्याला?"

"माफ करा, चुकलो," मी म्हटलं. दार लागलं.

रोज जिन्यात उभा राहतो तसाच उभा राहिलो. बटणावर बोट ठेवायला मन होईना. मालकांचे पसरलेले हात डोळ्यांपुढून हलत नव्हते. मग स्वतःलाच दटावलं, की त्यांचं ते त्यांच्यापाशी, इथे आई आहे आणि ती आता घरी पोहोचत असेल. बेल वाजवली.

आतून हसू ऐकू आलं.

"आला, आला! भोपळा आला!" दार धाडकन उघडलं. आईचे डोळे चमकत होते. ती माझ्या डोक्याकडे बघत होती. "अगं बाई, टोपी कुठंय? आज टोपी नाही घातलीत?"

कालच्या जेवणात मीठ होतं की नव्हतं हे तिला सांगता येत नाही. माझं नाव सांगता येत नाही. आणि हे बरोबर ध्यानात राहिलं.

"आई," मी म्हटलं, "मी आहे."

ती टाळ्या पिटत हसली. "असं सगळेच म्हणतात!"

शाळेत गणितात मिळायचा तो भोपळा बाबांच्या सहीसाठी घरी आणताना जसं व्हायचं, तसा मी दारात उभा होतो. मी तिचा हात धरला, नाव सांगितलं, बाबांचं नाव सांगितलं, हात-पाय धुऊ का म्हणून विचारलं. प्रत्येक गोष्टीला ती आणखी हसत होती. इतकी खूश ती कितीतरी महिन्यांत झाली नव्हती. मग तिने दोन्ही हातांनी मला हळूच बाहेर ढकललं.

"जा ना. परत या. परत तसंच करा."

दार लागलं. जिन्यात वरचे कुणीतरी उतरत होते, ते माझ्याकडे बघून ओळखीचं हसले. कालचा भाग त्यांनीही पाहिला असावा. मी भिंतीला टेकलो. 'अरे' येईपर्यंत किती वेळा वाजवायची आता, आणि ते आत शिल्लक तरी आहे का, हे मला कोण सांगणार होतं?

"अहो," आतून आईचा आवाज आला, लहान मुलीसारखा, घाई झालेला. "वाजवा की बेल!"

मी वाजवली.