रिकाम्या सोफ्याचा आकडा

मी टीव्हीशेजारचा डबा बोलतोय. टीव्हीच्या आत दिवसभर तोंड चालवणारे पुष्कळ आहेत. त्यांना कोण बघतं आणि कोण बघत नाही हे सांगायचं काम माझं, पण माझं म्हणणं आजवर कोणी ऐकून घेतलेलं नाही. म्हणून आज जरा वैतागूनच बोलणार आहे.

माझं काम तसं सोपं. कोणत्या घरात कोण काय बघतं याची नोंद ठेवायची. सगळ्या शहराला विचारणं शक्य नसतं, म्हणून पाहणी करणारी कंपनी मोजकी घरं निवडते. आधी एक बाई येऊन माणसं किती, वयं काय, शिकलेत किती, हे विचारून जातात. मग त्यातल्या काही घरांत माझ्यासारखा डबा बसतो. सोबत एक छोटा रिमोट असतो, त्यावर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं बटण. टीव्हीसमोर बसलात की आपलं बटण दाबा, उठलात की पुन्हा दाबा. एवढंच. पण एवढंही माणसांकडून होत नाही.

कारखान्यात तपासनीस बाईंनी एकेक बटण दाबून मला पारखलं होतं. माझ्या आयुष्यात सगळी बटणं नीट दाबली गेली ती तेवढ्या दिवशी.

तिथून मी एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आलो. घरधनी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. त्याची बायको बालवाडीत शिकवायची, मुलगी कॉलेजात जायची आणि चौथी त्याची आई, म्हणजे आजी. मला बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने बजावून सांगितलं की, तुमचं एक घर हजारो घरांच्या वतीने बोलणार आहे, तेव्हा डबा इथे आहे हे कोणाला कळू देऊ नका. चष्मेवाल्याची छाती फुगली. तिथेच मला पुढचं दिसायला हवं होतं.

त्या घराने माझ्या नाकी नऊ आणले. चष्मेवाला बटण दाबून बातम्या लावायचा आणि घोरायला लागायचा. माझ्या हिशेबी तो बातम्या बघत असायचा. मुलगी बटण दाबून मोबाइलमध्ये डोकं घालायची. सूनबाई स्वयंपाकघरातून कानांनी मालिका ऐकायची, पण बटण कधी दाबायची नाही. कोण बघतंय असं विचारत मी दिवा मिचकावायचो, तर तो डोळ्यांत जातो म्हणून माझ्यावर रुमाल टाकला गेला.

एक आजी तेवढी खरी. दुपारी कुस्ती लागायची. आजी चष्मा पुसून बटण दाबायची आणि सोफ्याच्या टोकावर बसून पैलवानांना सल्ले द्यायची. जाहिरात लागली की बटण बंद, पाणी पिऊन आली की पुन्हा सुरू. म्हाताऱ्या बाईने कुस्ती बघावी हे कंपनीत कोणाच्या पचनी पडत असेल की नाही कोण जाणे, पण अशा माणसासाठी मी जन्मभर राबलो असतो.

मग सूनबाईची धाकटी बहीण या गोष्टीत आली. ती मालिकांमध्ये काम करायची. कित्येक वर्षं गर्दीत मागे उभं राहण्यात गेली होती. आता कुठे एका मालिकेत नर्सचं काम मिळालं होतं, बोलायला वाक्यं असलेलं. एकदा जेवताना भाऊजींच्या तोंडून डब्याची गोष्ट निसटली. दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा हजर. मालिका बघणाऱ्यांचा आकडा पडलाय, असाच राहिला तर मालिकाच बंद, असं तिला सांगण्यात आलं होतं.

"ताई, एका बटणाचा प्रश्न आहे," ती म्हणाली.

ताई दिवसभर पोरांना खोटं बोलू नये म्हणून शिकवणारी. ती खाली बघत राहिली, पण नाही म्हणाली नाही. मालिका दुपारची, नेमकी कुस्तीच्या वेळेची. त्या वेळी घरात असणार कोण? आजी. मग आजीला गळ घातली गेली. मालिका बघायलाच हवी का, असं आजीने विचारलं. बघितली नाहीत तरी चालेल मावशी, बटण तेवढं दाबून ठेवा, असं उत्तर मिळालं.

आजीने दोन दिवस बघितली. तिसऱ्या दिवशी तिने मालिका लावली, बटण दाबलं, चपला घातल्या आणि ती खाली इस्त्रीवाल्याच्या दुकानात गेली. तिथे भिंतीवर छोटा टीव्ही होता आणि इस्त्रीवाल्यालाही कुस्तीचा नाद होता.

आता माझी दशा बघा. समोर रिकामा सोफा, आणि मी नोंद करतोय की वयस्कर बाई तल्लीन होऊन बसल्यात. जाहिरातीलाही उठत नाहीत. हे रोज. मला दिसतं, पण लिहिता येतं ते बटण सांगेल तेवढंच.

त्या वेळेला टीव्ही बघणारे मुळात थोडे. त्यामुळे आमच्या एका आजीच्या हजारो आज्या झाल्या. आकडा वर गेला. धाकटी बहीण खुशीत येऊन आजीच्या पाया पडून गेली.

पण मालिकावाल्यांनी आकडा नुसता बघितला नाही, तो उलगडून बघितला. तरुण मुली बघत नाहीत, म्हाताऱ्या बायका मात्र खिळून बसतात. म्हणजे त्यांना काय आवडत असणार? मालिकेतली आजी. मग त्या आजीला आजारपण मिळालं, कोर्टकचेरी मिळाली, हरवलेला मुलगा मिळाला. एवढं सगळं मावायचं तर जागा हवी. नर्सला दूरच्या इस्पितळात नोकरी लागली. बॅग घेऊन ती दारातून बाहेर पडली, तीही पाठमोरी.

त्या संध्याकाळी धाकटी आली आणि सोफ्यावर बसली. म्हणाली, "म्हाताऱ्या बायकांचा आकडा वाढला म्हणून मला काढलं. कोण आहेत या म्हाताऱ्या?"

चष्मेवाला खिडकीबाहेर बघायला लागला. शेवटी ताईच म्हणाली, "आपल्याच आहेत. आमच्या आई."

मग आजी धाकटीच्या शेजारी जाऊन बसली.

"दोन दिवस मी खरंच बघितलं होतं गं," ती म्हणाली. "त्या सगळ्यांत एक तूच माणसासारखी बोलत होतीस. पण मला कोणी विचारलंच नाही. बटणाला काय कळतंय?"

मला राग आला नाही. खरंच होतं ते. आवडलं का, हे विचारणारं बटण माझ्यावर कोणी बसवलेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी पुन्हा आली. हातात काम नव्हतंच. आजीने कुस्ती लावली, आपलं बटण दाबलं आणि तिला डावपेच समजावून सांगायला लागली. माझ्या रिमोटवर पाहुण्यांसाठी एक बटण आहे. त्याला त्या घरात कोणी हात लावला नव्हता. धाकटीने रिमोट उचलला, थोडा वेळ नुसता धरून ठेवला आणि ते बटण दाबलं. मी लिहिलं: पाहुणी, तरुण, कुस्ती बघतेय. कंपनीत हसले असतील तर हसोत.

पुढे तिला एका नाटकमंडळीत काम मिळालं. तिथे समोर किती माणसं बसलीत ते आपल्याच डोळ्यांनी दिसतं, असं ती आजीला सांगत होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी त्या घरातली मुदत संपली. मला काढताना आजीने माझ्यावरची धूळ पुसली.

आता मी कंपनीच्या गोदामात पडून आहे, पुढच्या घराची वाट बघत. ते घर कदाचित तुमचं असेल. एवढंच सांगून ठेवतो: झोप आली तर झोपा, कंटाळा आला तर उठून जा, मला मुळीच वाईट वाटणार नाही. फक्त जाताना बटण बंद करा. नाहीतर तुम्ही उठून गेलात, तरी तुमच्या नावाने मला बघत बसावं लागतं.