जोहराची पाळत

मोमेनाच्या हातचे चुरमुरे असे फुलायचे की बांगलादेशातलं ते अख्खं पूरबपाडा गाव नावाजायचं. पण तांदूळ कादेर बेपाऱ्याचे, म्हणून चुरमुरेही त्याचेच. दिवसभर चुलीपुढे भाजून निघाल्यावर तिच्या पदरात दोन ओंजळी पडायच्या, आणि वर टोमणा, "या खेपेला जरा कमीच भरले हो!" स्वतःचे तांदूळ घ्यायला पैसे हवेत, आणि पैसे देणाराही कादेरच. त्या माणसाच्या तावडीतून सुटायचं, एवढी एकच गोष्ट मोमेनाला हवी होती.

म्हणून विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे अमीनुल सर गावात कर्ज वाटायला आले, तेव्हा ती सगळ्यांच्या पुढे जाऊन बसली. सर कुंपणाबाहेर स्टुलावर, आतल्या पडदा पाळणाऱ्या बायकांकडे पाठ करून. कर्ज देणारा माणूस तोंड फिरवून बसलेला गावाने प्रथमच पाहिला.

"तारण नको," सर समोरच्या केळीला सांगत होते. "पाच मैत्रिणींचा गट करा. आधी एकीला कर्ज. तिने सहा आठवडे हप्ते नीट भरले, की बाकीच्यांना. तुमची मैत्री हेच तुमचं तारण!"

मोमेना धरून मैत्रिणी चारच जमल्या. पाचवी उरली ती शेजारची जोहरा. तिच्यात आणि मोमेनात तीन वर्षं विस्तव जात नव्हता. मोमेनाचा दुधीचा वेल जोहराच्या छपरावर चढला, आणि जोहराने दुधी कापून कोळंबी घालून खाल्ला. "छप्पर माझं, दुधी माझा," एवढं तिचं म्हणणं. तेव्हापासून दोघी एकमेकींना जे सुनवायचं ते कोंबड्यांना सुनवत. पण जोहरालाही बदकं घ्यायची होती. ती गटात आली आणि मोमेनाकडे पाठ करून बसली, अगदी सरांसारखी.

आता पहिलं कर्ज कोणी घ्यायचं? कादेरने आधीच उठवून दिलं होतं की कर्ज घेतलेल्या बाईला जहाजात घालून नेतात आणि तिकडे ख्रिस्ती करतात. बायकांना एकदम एकमेकींचा पुळका आला.

"आसिया आपा, तू मोठी, तू घे."

"अगं नको, तुझी गरज मोठी!"

मोमेनाही मागे सरकली. बेपारी नको होता, पण जहाजही नको होतं. तेवढ्यात जोहरा कोंबडीला म्हणाली, "हिला द्या म्हणावं. नेली जहाजातून तर माझं छप्पर तरी मोकळं राहील."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून माना डोलावल्या. अशा रीतीने तीनशे टाका मोमेनाच्या हाती आले.

जहाज काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे जोहरा मात्र आली. मोमेना बुडाली तर आपली बदकंही बुडाली, हे तिला रात्रभरात उमगलं होतं. ती रोज दारात उभी राहून कोंबडीला विचारी, "चूल पेटली का गं? हप्ता काय झोपून भरणार?" वाळू नीट तापली नाही म्हणून ती ओरडे, मापात ओंजळ जास्त गेली म्हणून ओरडे. उधारी मागणाऱ्या मोमेनाच्या दिराला तिने एकदा कुंपणापर्यंत पिटाळून लावलं. मोमेनाला त्या बाईचा उबग आला होता, पण चुरमुरे खपत होते आणि हप्ते जात होते.

सहाव्या आठवड्यात मोमेना तापाने फणफणली. चुकला हप्ता की पुन्हा कादेरचं दार, या विचाराने ती उठली आणि चुलीपाशी कोसळली. जोहराने तिला ओढत चटईवर नेलं.

"पड गप! मरायचं तर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मर!" तीन वर्षांत ती प्रथमच सरळ तिच्याशी बोलली.

"वाळू... जास्त तापवू नकोस," मोमेना पुटपुटली.

"मला शिकवतेस?"

जोहराने दोन दिवस तिची चूल सांभाळली. चुरमुरे जरा चिवट झाले, पण विकले गेले आणि हप्ता भरला गेला. त्याच बैठकीत जोहराला कर्ज मिळालं. सर केळीला म्हणाले, "पाहिलंत? ही खरी मैत्री!"

"मैत्री? हिच्याशी?" दोघी एकदमच ओरडल्या. सरांनी आनंदाने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोमेनाने चूल पेटवली. तांदूळ तिचे, वाळू तिची, आणि दारात कोणी नाही. जोहराला आता यायचं कारणच उरलं नव्हतं. पलीकडे ती बदकांवर खेकसत होती. तिसऱ्या दिवशीही तेच. अंगण इतकं गप्प होतं की मोमेनाचं कामात लक्ष लागेना. आपल्याला त्या भांडखोर बाईची आठवण येते आहे, हे कळल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

चौथ्या दिवशी तिने चांगले पांढरेशुभ्र मूठभर चुरमुरे घेतले, पैशांचा हिशेब मनातून पुसला आणि ते थेट चुलीत टाकले. काळा धूर कुंपणापलीकडे गेला.

"जाळलेस ना गं, करंटे!" जोहरा बदकांचा कोंडा लागलेल्या हातांनीच धावत आली. "हप्ता काय तुझा बाप भरणार?"

"माझे चुरमुरे, माझा हप्ता. तुला काय करायचंय?"

जोहरा चुलीकडे बघत राहिली. रिकामं मडकं, त्यात वाळूसुद्धा नाही, आणि राखेत मूठभर काळे चुरमुरे. तिला सगळं कळलं असावं.

"सरक तिकडे," ती म्हणाली आणि चुलीपुढे बसली.