फीत न कापलेली काचेची पेटी

दोन खोल्यांच्या दवाखान्यात परदेशातून काचेची पेटी येऊन सात महिने झाले होते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला ऊब देणारी. पण देणगी देणारे पाहुणे येऊन फीत कापेपर्यंत तिला हात लावायचा नाही, असा वरून हुकूम होता. नर्सबाई रोज तिची धूळ पुसत आणि हुकूम देणाऱ्याचा मनातल्या मनात उद्धार करत.

एका सकाळी विणकराची बायको आठव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी जेमतेम दीड किलोची, हातपाय गार. मोठं इस्पितळ पाच तासांवर. बाईंनी बाळाला आईच्या छातीशी धरून वर दुलई घातली आणि आपल्या सासऱ्यांना बोलावणं धाडलं.

सासरे रेडिओ दुरुस्त करायचे. सुनेशी बोलणं मोजकंच. पण तिचा डबा रोज तेच पोचवत आणि "वाटेवरच होतो" म्हणत. दवाखाना त्यांच्या वाटेवर नव्हता.

पेटीचा प्लग इथल्या भिंतीत बसेना. परक्या भाषेतल्या माहितीपुस्तकाचं एक अक्षर लागेना. मागच्या पट्टीवरचे विजेचे आकडे मात्र त्यांना कळले.

"काही बिघडलं तर तुझी नोकरी जाईल, सूनबाई."

"जाऊ दे, बाबा. तुम्ही प्लग कापा."

त्यांनी प्लग कापून दुसरा जोडला, बाईंनी फीत कापली. अर्ध्या तासात काच आतून उबदार झाली.

बाराव्या दिवशी अधिकारी पाहुण्यांना घेऊन अचानक हजर. कापलेली फीत पाहून अधिकाऱ्यांचा चेहरा उतरला. बाई तोंड उघडणार, तोच सासरे पुढे झाले.

"फीत मी कापली," म्हणाले, आणि छताकडे बघत उभे राहिले.

पाहुण्या म्हणजे एक वयस्कर परदेशी स्त्री होती. त्या बराच वेळ काचेपाशी वाकून बाळाकडे बघत राहिल्या. मग दुभाष्याकरवी त्यांनी विचारलं, आणखी काय पाठवू? अधिकाऱ्यांनी लगेच दोन पेट्या मागितल्या.

"पेट्या राहू द्या," बाई म्हणाल्या. "ही बंद पडली तर दुरुस्त कशी करायची, ते यांना शिकवा."

पाहुण्यांनी ते वहीत टिपून घेतलं. वर्ष उलटलं, तेव्हा सगळ्यांनी आशा सोडली. मग खरंच एक शिकवणारा आला, दोन महिन्यांसाठी. शिकायला बसलेल्या नऊ कारागिरांत सासरे सगळ्यात थोरले, बासष्ट वर्षांचे. इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या बाकावर बसत.

त्यानंतर आजूबाजूच्या दवाखान्यांतून त्यांना बोलावणी येऊ लागली. कुठे लशींचा फ्रीज, कुठे प्राणवायूचं यंत्र, वर्षानुवर्षं चादरीखाली झोपलेलं. ते जात, आणि बहुतेक यंत्रं जागी होत.

त्यांचं प्रमाणपत्र बाईंनी चौकटीत घालून दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत लावलं. ते वाचून कोणी बरं होत नाही, म्हणत सासऱ्यांनी काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते पुन्हा लावलं, या वेळी त्यांचा हात पोचणार नाही इतकं उंच.